विश्लेषण : सहावीत संपणारा हडप्पाचा धडा, जे शिकलो ते कळले कसे?

सार्वजनिक स्नानगृह, झाकलेल्या गटारी, काटकोनात छेदणारे रस्ते, नर्तकीची कांस्यमूर्ती आणि एकशिंगी प्राण्याची मुद्रा. राज्य मंडळाच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही हडप्पा संस्कृतीबद्दल विचारले, तर साधारण एवढी उत्तरे मिळतात. ती बरोबरच आहेत. पण पुढचा प्रश्न विचारून पाहा. हे सगळे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहे, हे ठरवले कुणी आणि कशावरून? इथे बहुतेक जण थांबतात.

सध्या या प्रश्नाला महत्त्व आले आहे. हडप्पा संस्कृतीचा शोध जगासमोर मांडला गेला, त्याला २०२४ मध्ये १०० वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी ‘एनसीईआरटी’ने सहावीच्या नव्या समाजशास्त्र पुस्तकात या संस्कृतीसाठी ‘सिंधू-सरस्वती’ हे नाव वापरले आणि बारावीच्या पुस्तकात डीएनए संशोधनावर आधारित मजकूर घातला. तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅप आणि रील्सवर या विषयाचा पूर आहे. कुणी सांगते लिपी वाचली गेली, कुणी सांगते डीएनएने सगळे सिद्ध झाले. यातले खरे किती, हे ओळखायला शाळेतला धडा पुरतो का?

धडा नेमका केव्हा येतो?

राज्य मंडळाच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात हडप्पा संस्कृतीवर स्वतंत्र पाठ आहे. तेव्हा मूल ११-१२ वर्षांचे असते. सातवीत शिवकाल आणि मराठ्यांचा इतिहास, आठवीत इंग्रजांचा काळ आणि स्वातंत्र्यलढा, नववीत स्वातंत्र्योत्तर भारत. दहावीत विषय पूर्ण बदलतो. इतिहासलेखन कसे होते, संग्रहालये कशी चालतात, वारशाचे जतन कसे करतात, असा ‘उपयोजित इतिहास’ तिथे शिकवला जातो.

यानंतर अकरावीच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवात आद्य शेतकरी, पहिली नगरे आणि ताम्रपाषाणयुगीन गावांपासून होते. ते पुस्तक चांगले आहे. मात्र ते हातात पडते फक्त इतिहास विषय घेणाऱ्यांच्या. विज्ञान शाखेत गेलेल्या आणि पुढे इंजिनीअर झालेल्या आम्हा मंडळींचा हडप्पाशी संबंध सहावीतच संपतो.

म्हणजे पुरावा सहावीत येतो आणि पुराव्याकडे कसे पाहायचे ते दहावीत. मध्ये चार वर्षांचे अंतर. दहावीचा विद्यार्थी इतिहासलेखनाची व्याख्या पाठ करतो, पण तीच पद्धत हडप्पाच्या एखाद्या मुद्रेला लावून पाहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांच्या पेपरात तशी अपेक्षाही नसते. खरी अडचण इथे आहे, कारण या संस्कृतीबाबत ‘काय सापडले’ यापेक्षा ‘त्यावरून काय म्हणता येते’ याचीच गोष्ट जास्त रंजक आहे.

रेल्वेखाली गेलेले शहर

१८५०च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाचे काम सुरू होते. रुळांखाली टाकायला खडी हवी होती आणि पंजाबच्या सपाट प्रदेशात दगड मिळत नव्हता. जवळच हडप्पा गावाला भाजक्या विटांचे मोठे टेकाड होते. त्या विटा फोडून सुमारे १६० किलोमीटर मार्गावर अंथरल्या गेल्या. इंजिनीअर लोकांनी केलेल्या ऐतिहासिक नुकसानीत हे उदाहरण वरच्या क्रमांकावर ठेवावे लागेल.

पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ही जागा पाहिली होती. तिथली एक मुद्राही त्यांच्यापर्यंत आली आणि १८७५ मध्ये त्यांनी तिचे चित्र छापले. मात्र मुद्रेवरच्या बैलाला वशिंड नाही, अक्षरे ओळखीची नाहीत, म्हणून मुद्रा परदेशी असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढची जवळपास पन्नास वर्षे विषय तिथेच राहिला.

१९२१ मध्ये दयाराम साहनी यांनी हडप्पात, तर १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडोत उत्खनन सुरू केले. दोन्ही ठिकाणांमध्ये सहाशेहून अधिक किलोमीटरचे अंतर, तरी मुद्रा एकसारख्या. पुरातत्त्व खात्याचे तत्कालीन महासंचालक जॉन मार्शल यांनी २० सप्टेंबर १९२४ रोजी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या सचित्र साप्ताहिकात हा शोध छायाचित्रांसह जाहीर केला.

पण या वस्तू किती जुन्या, हे मार्शल यांना तेव्हा नक्की सांगता येत नव्हते. उत्तर आले वाचकांकडून. पुढच्याच आठवड्यात अ‍ॅसिरियाचे अभ्यासक ए. एच. सेस यांचे पत्र छापून आले. इराणमधील सुसा इथे अशाच वस्तू सापडल्या आहेत आणि त्या इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातल्या आहेत, असे त्यांनी कळवले. ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञांनीही मेसोपोटेमियातल्या वस्तूंशी साम्य दाखवून दिले. दोन आठवड्यांत भारताचा नागरी इतिहास दोन हजारांहून अधिक वर्षांनी मागे गेला.

लक्षात घ्या, तेव्हा कार्बन-१४ कालमापन नव्हते. ती पद्धत १९४०च्या दशकाच्या अखेरीस आली. काळ ठरला तो एका संस्कृतीच्या वस्तू दुसऱ्या संस्कृतीच्या थरात सापडल्यामुळे. नंतर कार्बन-१४ने त्याला आधार दिला आणि आज नगरांचा भरभराटीचा काळ साधारण इ.स.पू. २६०० ते १९०० असा धरला जातो.

शाळेत मेसोपोटेमिया, इजिप्त, चीन आणि हडप्पा असे चार रकाने करून तुलना लिहून घेतली जाते. त्या रकान्यांमधल्या रेषा प्रत्यक्षात नव्हत्या. अक्कडचा राजा सारगॉन (इ.स.पू. २३०० च्या आसपास) आपल्या लेखात सांगतो, की मेलुहा, मगन आणि दिलमुनची जहाजे त्याच्या राजधानीच्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तांबड्या अकीकाचे नक्षीदार मणी उर शहरातल्या शाही दफनांमध्ये सापडले आहेत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याच काळातली एक मुद्रा आहे, तिच्या मालकाचे नाव शू-इलिशू. व्यवसाय? मेलुहाच्या भाषेचा दुभाषी.

वीट आणि वजन काय सांगतात?

हडप्पाकालीन विटेच्या लांबी, रुंदी आणि जाडीचे प्रमाण ४:२:१ असते. पुस्तकात हे एका ओळीत उरकले जाते. पण हेच प्रमाण का? लांबी रुंदीच्या दुप्पट असली, की दोन आडव्या विटांची रुंदी एका उभ्या विटेच्या लांबीएवढी होते. थर आलटून पालटून रचता येतात आणि सांधे एकावर एक येत नाहीत, त्यामुळे भिंत चिरत नाही. आजचा गवंडीही याच हिशोबाने वीट लावतो. शेकडो किलोमीटरवरच्या शहरांत हे प्रमाण सारखे सापडते, म्हणजे हे ज्ञान एका गावापुरते नव्हते.

वजने त्याहून बोलकी आहेत. चर्ट या कठीण दगडाचे गुळगुळीत घन, त्यावर आकडा नाही, खूण नाही. ती तोलून पाहिल्यावर कळले, की त्यांची मालिका १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीने वाढते आणि मोठी वजने १६०, २००, ३२०, ६४० अशी दशमान पद्धतीकडे वळतात. सर्वाधिक सापडणारे वजन १६ एककांचे, सुमारे १३.६ ग्रॅमचे.

दुप्पट का? १, २, ४ आणि ८ अशी चारच वजने असली तरी १ ते १५ पर्यंतचे कोणतेही माप तोलता येते. पुढची तीन वजने जोडली, की सात दगडांत १२७ पर्यंत मजल जाते. शिवाय नवे वजन तयार करायला गणित यावे लागत नाही. आधीची दोन समान वजने एका पारड्यात टाका आणि दुसऱ्या पारड्यातला दगड तेवढा घासा. संगणकही याच द्विमान पद्धतीवर चालतो, म्हणून ‘हडप्पाकाळात कोडिंग होते’ असे फॉरवर्ड फिरतात. त्यांना तराजू येत होता, एवढे म्हणणे पुरेसे आहे. सोळा आण्यांच्या रुपयाशी थेट नाते जोडण्याचा मोहही अनेकांना होतो, पण मधल्या काळाची साखळी जुळवून दाखवल्याशिवाय ते नाते सिद्ध होत नाही.

हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर एका तासात होतो. खडे घ्यायचे, वजने करायची, कमीत कमी किती लागतात ते मुलांनी शोधायचे. गणिताचा तास आणि इतिहासाचा तास एकत्र झाला तरी चालेल.

लिपी खरेच वाचली गेली का?

नाही. दर काही महिन्यांनी कुणीतरी वाचल्याचा दावा करते, पण अभ्यासकांमध्ये सर्वमान्य झालेले एकही वाचन आजवर नाही. तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी जानेवारी २०२५ मध्ये लिपी उलगडणाऱ्याला १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले, ते यामुळेच.

अडचण तीन बाजूंनी आहे. पहिली, मजकूर फार लहान आहेत. एका लेखात सरासरी पाच चिन्हे. धोळावीराच्या प्रवेशद्वाराजवळ सापडलेला प्रसिद्ध ‘फलक’सुद्धा दहा चिन्हांचा आहे. दुसरी, त्यामागची भाषा कोणती, हे ठाऊक नाही. तिसरी आणि सर्वात मोठी, द्विभाषिक लेख नाही. इजिप्तची चित्रलिपी शांपोलियनने १८२२ मध्ये उलगडली, कारण रोझेटा शिळेवर तोच मजकूर ग्रीकमध्येही होता. मेसोपोटेमियाची क्युनिफॉर्म लिपी इराणमधल्या बेहिस्तूनच्या तीन भाषांतील लेखामुळे वाचता आली. शू-इलिशूसारखा दुभाषी होता म्हटल्यावर दोन्ही लिप्यांतला लेख इराकच्या वाळूत कुठेतरी असेल, ही आशा अभ्यासकांना आहे.

तरीही लिपी न वाचता काही गोष्टी कळल्या आहेत. ती बहुतांशी उजवीकडून डावीकडे लिहिली जात असे, कारण काही लेखांत डावीकडे पोहोचेपर्यंत जागा कमी पडून चिन्हे दाटीवाटीने कोरलेली दिसतात. वहीची ओळ संपत आली की आपलेही अक्षर आखडते, तसेच.

या कामात मुंबईचा वाटा मोठा आहे. इरावतम महादेवन यांनी १९७७ मध्ये लेखांची सूची प्रसिद्ध केली आणि त्यात ४१७ चिन्हे वेगळी केली. त्यासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) संगणकाची मदत झाली होती. पुढे याच संस्थेतल्या निशा यादव आणि मयंक वाहिया यांनी महादेवन, राजेश राव आणि इतरांसह २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध लिहिला. एका चिन्हानंतर दुसरे कोणते येईल, यात किती अनिश्चितता आहे, हे त्यांनी मोजले. तुमच्या मोबाइलचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, त्यामागचे गणित याच जातीचे आहे. उत्तर आले, की ही अनिश्चितता माणसाच्या भाषांच्या जवळ जाणारी आहे. याउलट, ही लिपीच नाही, नुसती सांकेतिक चिन्हे आहेत, असा दावा स्टीव्ह फार्मर, रिचर्ड स्प्रोट आणि मायकेल विट्झेल यांनी २००४ मध्ये केला होता आणि तो वाद अजून सुरू आहे. दहावीच्या ‘इतिहासलेखन’ प्रकरणाला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

‘सिंधू-सरस्वती’ हे नाव का आले?

या संस्कृतीची हजाराहून अधिक स्थळे आता माहीत आहेत आणि त्यांपैकी मोठा भाग सिंधूपासून दूर, घग्गर-हाक्रा या आज पावसाळ्यातच वाहणाऱ्या नदीच्या पट्ट्यात आहे. ही नदी म्हणजेच ऋग्वेदातली सरस्वती, असे अनेक अभ्यासक मानतात. नव्या नावामागे हे कारण आहे. यापूर्वीही नाव बदललेच आहे. आधी ‘सिंधू संस्कृती’ म्हणत, मग पहिल्यांदा उजेडात आलेल्या स्थळावरून ‘हडप्पा संस्कृती’ म्हणू लागले.

प्रश्न आहे तो नगरे भरात असताना ही नदी कशी वाहत होती याचा. २०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार सतलज नदीने हे पात्र ८ हजार वर्षांपूर्वीच सोडले होते. म्हणजे नगरे वाहत्या हिमालयीन नदीच्या काठी नाही, तर तिच्या सोडून दिलेल्या पात्राच्या खोऱ्यात वसली. २०१९ मध्ये अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी गाळाच्या अभ्यासावरून वेगळे मत मांडले. साधारण ९ हजार ते साडेचार हजार वर्षांपूर्वी ही नदी पुन्हा बारमाही वाहत होती, असे ते सांगतात. दोन्ही अभ्यास वाळूच्या कणांचे वय आणि उगम मोजून केलेले आहेत. पुस्तकात कोणते नाव छापायचे, हा समितीचा निर्णय असतो; नदीचा प्रश्न मात्र अजून गाळातच तपासला जातो आहे.

डीएनएने काय सिद्ध झाले?

हरियाणातल्या राखीगढी इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकाने उत्खनन केले. तिथल्या अनेक सांगाड्यांची चाचणी झाली, पण उष्ण हवामानात डीएनए टिकत नाही. अखेर एका स्त्रीच्या कानाजवळच्या हाडातून पुरेसा नमुना मिळाला. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार तिच्यात मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा, म्हणजे ‘स्टेप’चा अंश नव्हता.

इथपर्यंत साऱ्या मथळ्यांनी सांगितले. पण त्याच सुमारास ‘सायन्स’मध्ये ५०० हून अधिक प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवरचा दुसरा निबंध आला आणि दोन्हींच्या लेखकांमध्ये बरीच नावे समान होती, शिंदे यांचेही. त्यात म्हटले होते, की स्टेपचा अंश दक्षिण आशियात इ.स.पू. २००० नंतर आला. म्हणजे त्याआधीच्या स्त्रीमध्ये तो नसणे या चित्रात बसतेच. एका सांगाड्यावरून ‘कुणी आलेच नाही’ असे म्हणता येत नाही आणि दुसऱ्या निबंधावरून ‘आक्रमण झाले’ असेही म्हणता येत नाही. बारावीच्या पुस्तकातल्या नव्या मजकुराचा भर पाच हजार वर्षांच्या सातत्यावर आहे. तो शिकवताना दोन्ही निबंध शेजारी ठेवायला हवेत.

आक्रमणाच्या सिद्धांताचे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत सापडलेल्या सांगाड्यांवरून मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४०च्या दशकात कत्तलीची कल्पना मांडली होती. जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये नोंदी तपासल्या आणि दाखवून दिले, की हे सांगाडे एका वेळचे नाहीत, तटबंदीच्या भागात नाहीत, लढाईच्या खुणाही नाहीत. सांगाडे तेच, निष्कर्ष उलटा. आज नगरांच्या ऱ्हासासाठी दुबळा झालेला मान्सून, बदललेले नदीप्रवाह आणि मंदावलेला व्यापार, अशी कारणे एकत्र पाहिली जातात.

महाराष्ट्राचा संबंध कुठे येतो?

अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. हडप्पा संस्कृतीचे सर्वात दक्षिणेकडचे ठिकाण म्हणून ते ओळखले जाते. हे स्थळ १९५८ मध्ये उजेडात आले आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने १९७९ पर्यंत तीन टप्प्यांत तिथे उत्खनन केले. हडप्पा लिपीतली चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या आणि एक दफन सापडले, त्याच्या खड्ड्याला कच्च्या विटा लावल्या होत्या. विटांचे प्रमाण ४:२:१.

नगरे ओस पडल्यावरही इथली गावे चालू राहिली. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून नाव पडलेली जोर्वे संस्कृती त्यानंतरची. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत खोदकाम केले. तिथे पाटाचे पाणी होते, धान्याचे कोठार होते. लहान मुलांना दोन रांजणांची तोंडे जोडून घराच्याच जमिनीखाली पुरत, मोठ्यांना पुरताना घोट्याखालची पावले तोडत. पावले का तोडत, यावर अंदाज आहेत. पावले तोडलेली होती, हा पुरावा. हा फरक दहावीच्या मुलाला एका वाक्यात कळतो.

१९७४ मध्ये दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना धातूच्या चार वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ, त्यात उभा सारथी. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. त्या काळातल्या भारतात इतके मोठे ओतकाम दुसरीकडे मिळालेले नाही. मात्र त्या उत्खननातल्या थरात सापडलेल्या नाहीत, त्यामुळे शेजारच्या कोळशाचे कार्बन-१४ कालमापन करून काळ सांगण्याची सोय राहिली नाही. डी. पी. अग्रवाल यांनी धातूची तपासणी केली, तेव्हा त्यात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघाले. ताम्रपाषाणकाळातल्या इतर वस्तूंत ते आढळत नाही, म्हणून या मूर्ती बऱ्याच नंतरच्या असाव्यात, अशी शंका त्यांनी घेतली. डेक्कन कॉलेजचे म. के. ढवळीकर यांनी मात्र त्या उत्तर हडप्पा काळातल्याच मानल्या. रथाच्या छायाचित्राखाली काळ लिहिताना काही जण आजही प्रश्नचिन्ह लावतात, काही लावत नाहीत.